सही करण्याआधी

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही फोंडा तालुक्यातले. माझे यजमान सरकारी मालकीच्या एका महामंडळात ड्रायव्हर आहेत. वय ४९, निवृत्तीला ११ वर्षं बाकी, हातात येणारा पगार ३८,००० रुपये. डायबिटीस जुना. गेल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मेडिकल बोर्डानं ‘ड्रायव्हर म्हणून अनफिट’ लिहून दिलं. आता ऑफिसात सांगतात, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, १४ लाख मिळतील, मुलाला कंत्राटावर घेऊ. पाय ड्युटीवर असताना गेलेला नाही, तेव्हा आम्ही काही देणं लागत नाही, असंही ऐकवलं. सासूबाई आणि दीर म्हणतात, पैसे घ्या आणि मोकळे व्हा. हे तर पेन घेऊनच बसले आहेत. अपंगत्वाचा दाखला काढूया म्हटलं की ‘गावभर शिक्का मारून घेऊ काय?’ म्हणून अंगावर येतात. यंदा जत्रेलाही गेले नाहीत. पंधरा दिवसांनी ऑफिसात बोलावलंय. मीच त्यांच्या नावानं अर्ज लिहिला आणि सही ठोकून दिली तर चालेल का?

उत्तर : वैनी, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच सगळ्यात घाईचा आहे. नाही, चालणार नाही. नवऱ्याच्या भल्यासाठी मारलेली सहीसुद्धा खोटीच ठरते. उद्या ऑफिसनं तीच पुढे केली तर तुमची बाजू खरी असून तुम्हीच अडकाल. अर्ज तुम्ही लिहा, टाईप करून आणा, हवं तर वाचून दाखवा. सही मात्र त्यांनीच करायची.

आणि स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर ती सही तूर्त अजिबात करायची नाही. हे त्यांना आज रात्रीच सांगा, जेवणं झाल्यावर, दीर घरात नसताना.

आता कायदा. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा’ २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या २० व्या कलमातलं चौथं पोटकलम तुमच्या घरासाठीच लिहिलंय म्हणा ना. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आलं, त्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं कामावरून काढायचं नाही आणि त्याचा हुद्दाही उतरवायचा नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवेच्या त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर त्याच्यासाठी जादा (कागदी भाषेत ‘अधिसंख्य’) पद निर्माण करायचं आणि योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, त्याला तिथं ठेवायचं. ‘जागाच नाही’ हे ऑफिसांचं आवडतं वाक्य. कायदा करणाऱ्यांना ते आधीच ठाऊक असावं, कारण त्याचं उत्तर त्यांनी कलमातच घालून ठेवलं आहे.

‘पाय ड्युटीवर असताना गेला नाही’ या मुद्द्यानं तुमचे यजमान खचलेले दिसतात. त्यांना सांगा, कलमात ‘सेवेत असताना’ असं आहे, ‘कामावर असताना’ असं नाही. माणूस रजेवर असो, घरी झोपलेला असो, शेतात असो, नोकरी चालू आहे तोवर तो सेवेतच. ड्युटीवर झालेल्या अपघाताची नुकसानभरपाई हा वेगळा विषय, त्याचा कायदाही वेगळा. ती तुम्ही मागतच नाही आहात. ऑफिसनं दोन्ही गोष्टींची खिचडी केली आहे. मुद्दाम की अज्ञानानं, ते मला इथं बसून कळणार नाही. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा अज्ञानच असतं. आस्थापना विभागातल्या कारकुनाला पगाराचे नियम तोंडपाठ असतात, हा कायदा त्यानं उघडूनही पाहिलेला नसतो.

‘अनफिट’ शब्दाचा धसका घेऊ नका. पुष्कळ घरांत अशा वेळी ओळखीपाळखीनं ‘फिट’चं सर्टिफिकेट मिळवायची धडपड सुरू होते. तसलं काही करू नका. कृत्रिम पाय लावून पन्नास माणसांची बस अनमोडच्या घाटात चालवायची नाही, हे त्यांनाही कळतं. शिवाय ‘ड्रायव्हर म्हणून अनफिट’ हा कागद तर तुमच्याच बाजूनं बोलतो. दुसरं पद द्यायची ऑफिसची जबाबदारी त्या कागदापासूनच सुरू होते. त्याची झेरॉक्स काढून जपून ठेवा.

कोर्टांनी याआधी काय म्हटलंय तेही सांगते, म्हणजे हे माझ्या मनचं वाटायला नको. कुणाल सिंग नावाचा एक जवान होता. त्याचा डावा पाय कापावा लागला आणि त्याला नोकरीतून काढलं. तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता, त्यातही असंच संरक्षण होतं. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला असं काढता येत नाही, आणि त्याला असमर्थतेची पेन्शन दिली म्हणूनही हे संरक्षण जात नाही. अलीकडचं म्हणजे ऑगस्ट २०२५ चं : तेलंगणाच्या परिवहन महामंडळानं एका ड्रायव्हरला रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून घरी बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्याला दुसऱ्या कामावर घ्यायला लावलं. त्याची तर निव्वळ रंगांधता होती. २०१६ च्या कायद्यातलं हे पोटकलमही ४० टक्के अपंगत्वाची अट घालत नाही. ती अट आरक्षणासाठी आहे. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस तसाही ४० च्या वरच जातो, पण तुमच्या ओळखीत कुणी कमी टक्केवारीमुळे गप्प बसला असेल तर त्याला हे कळू द्या.

एक पळवाट आहे, ती लपवत नाही. कामाचं स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला या कलमातून सूट द्यायचा अधिकार सरकारला आहे. केंद्रानं २०२१ मध्ये सशस्त्र पोलीस दलांतली लढाऊ पदं अशी वगळली. पण ती सूट अधिसूचना काढूनच देता येते. ऑफिसनं ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हटलं तर ‘अधिसूचना दाखवा’ एवढंच म्हणायचं. सरकारी मालकीचं महामंडळ ‘सरकारी आस्थापना’ या व्याख्येत बसतं, सरकारी कंपनीसुद्धा बसते. खाजगी कंपनीतल्या माणसाला मात्र हे पोटकलम मिळत नाही. वेर्णा किंवा कुंडईच्या एखाद्या कारखान्यात हेच घडलं असतं तर मला आज तुम्हाला इतकं ठाम उत्तर देता आलं नसतं, आणि मला ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. पाय दोघांचाही सारखाच जातो.

पैशांकडे वळूया, कारण दीर जे बोलतात ते पैशांचंच. १४ लाख कशाकशाचे, याची फोड त्यांना लेखी मागू दे. माझा अंदाज असा की त्यातला मोठा भाग ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचा असणार, म्हणजे यजमानांचेच साठलेले पैसे. ते ६० व्या वर्षीही मिळतील, उलट वाढून मिळतील. आता ३८,००० गुणिले १३२ महिने करा. ५० लाखांच्या वर जातात, आणि यात एकही वेतनवाढ धरलेली नाही. ओव्हरटाइम मिळणार नाही असं धरून चला, तेवढी झळ बसेल. तरीही दोन आकड्यांतला फरक सासूबाईंनाही दिसेल. त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त कागदावर मांडून दाखवा.

मुलाच्या नोकरीचं आमिष मला सगळ्यात जास्त खटकलं. बापाने स्वेच्छानिवृत्ती घेतली म्हणून मुलाला नोकरी मिळण्याचा हक्क कुठून येणार? आणि वर ती कंत्राटी, तोंडी सांगितलेली. सरकारी नोकरी लावतो म्हणून आपल्या गोव्यात माणसं लोकांकडून कसे पैसे उकळतात ते २०२४ च्या शेवटी सगळ्यांनी पेपरात वाचलंच. तुमच्या ऑफिसातला माणूस तसला आहे असं मी म्हणत नाही. पण तोंडी शब्दावर पक्की नोकरी सोडायची नाही. मुलगा आपल्या पायांवर उभा राहील, त्याला बापाची जागा अडवल्यासारखं वाटू देऊ नका.

आता यजमानांविषयी. तुम्ही लिहिलंय, ‘दाखल्याचं नाव काढलं की अंगावर येतात.’ वैनी, मला ते हट्टी वाटत नाहीत. २३-२४ वर्षं गाडी चालवलेला माणूस तो. गावात त्याची ओळख ‘अमक्याचा मुलगा’ अशी नसेल, ‘ड्रायव्हर’ अशीच असेल. पाय गेला आणि पाठोपाठ ती ओळखही गेली. आता तुम्ही त्याला सरकारी कागदावर एक नवी ओळख घे म्हणताय. तो दाखल्यावर चिडत नाही, ज्या घाईनं सगळे त्याच्याविषयी ठरवू लागलेत त्यावर चिडतो. ऑफिसनं ठरवलं, भावानं ठरवलं, आईनं ठरवलं, आणि राग मानू नका, खोट्या सहीचा विचार करून तुम्हीही ठरवायला निघाला होता. याच कायद्याच्या सुरुवातीला जी तत्त्वं दिली आहेत त्यांत अपंग माणसाचा स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार वरच्या क्रमांकाला आहे. त्या कायद्याचा आधार घ्यायचा आणि माणसाला मात्र न विचारता पुढे जायचं, हे कसं जमणार?

म्हणून दाखल्याचा विषय आधी काढू नका. नोकरीचा काढा. ‘अपंग म्हणून सवलत घ्या’ म्हटलंत तर ते उठून जातील. ‘तुम्हाला काढायचा त्यांना अधिकारच नाही’ म्हणा, मग बसून ऐकतील. डेपोत गाडी न चालवता करायची कितीतरी कामं असतात : वेळापत्रक, गाड्यांची नोंद, स्टोअर, तिकीट खिडकी, नव्या ड्रायव्हरांना रस्ते समजावणं. यातलं कुठलं आवडेल, एवढंच विचारा. आवडत्या कामाचं नाव त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं घेतलं की पुढचं सोपं होईल. कृत्रिम पाय लावून नोकरी करणाऱ्या कुणाशी तासभर गाठ घालून देता आली तर माझ्या दहा पत्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. तुमच्या ओळखीत कुणी नसेल तर डिसॅबिलिटी राइट्स असोसिएशन ऑफ गोवा या संघटनेकडे विचारा, ही अपंगांनीच चालवलेली चळवळ आहे.

दाखल्याचं नंतर निघेलच, कारण तो पुढे लागणारच आहे. हल्ली ओळखपत्र निघतं, यूडीआयडी म्हणतात त्याला. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी हॉस्पिटलात होते. पूर्वी महिन्याच्या आत निर्णय द्यायचा नियम होता, २०२४ मध्ये तो बदलून तीन महिने केले. लोकांची रांग कमी करायच्या ऐवजी रांगेची मुदत वाढवली, असो. हे कार्ड खिशात राहतं, दारावर लावायचं नसतं. आयकराच्या जुन्या पद्धतीत त्यावर ७५,००० रुपयांची वजावटही मिळते. ड्रायव्हर माणसाला कदाचित वेगळीच गोष्ट पटेल : बाजूला चाकं जोडलेली स्कूटर आरटीओत रीतसर नोंदवून घेता येते आणि तिचं लायसनही मिळतं. पुन्हा हातात हँडल येणार म्हटल्यावर शिक्क्याचं काय वाटतं ते पाहा. ऑफिसला द्यायच्या अर्जासाठी मात्र कार्डाची वाट पाहत बसू नका. ऑपरेशनचे कागद आणि मेडिकल बोर्डाचा अहवाल सुरुवातीला पुरे.

अर्ज लांबलचक नको. साधारण असा : ‘मी अमुक तारखेपासून आपल्या सेवेत चालक आहे. सेवेत असताना मला अपंगत्व आलं असून वैद्यकीय मंडळानं मला चालकपदासाठी अपात्र ठरवलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २० (४) नुसार मला त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांसह पर्यायी पद द्यावं, पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावं. ऑपरेशनपासून आजवरच्या काळाबाबतचा निर्णयही मला लेखी कळवावा. मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. कधी कधी नंतर फायलीत भलतंच सापडतं. दोन प्रती न्या, एकीवर आवक विभागाचा तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टानं पाठवा.

शिपायाच्या किंवा सफाईच्या खालच्या श्रेणीच्या पदावर पाठवायची तयारी दाखवली तर तेही चालणार नाही, श्रेणी तीच हवी. कामाचा दर्जा मी मोजत नाही, पगाराची पायरी मोजते.

उत्तर आलं नाही तर? प्रत्येक सरकारी आस्थापनेत या कायद्याखाली एक तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्यानं तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. बऱ्याच ठिकाणी हा अधिकारी कोण आहे हे तिथल्याच लोकांना माहीत नसतं. त्याचं नाव लेखी विचारलं तरी फायली हलू लागतात. तिथून काही निघालं नाही तर पणजीला राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथं तक्रार द्यायला वकील लागत नाही. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबतीत आयुक्तांना दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की ऑफिसनं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, मानायची नसेल तर कारण द्यायचं. पण ती शिफारसच असते हे लक्षात ठेवा. अडेल ऑफिसर तीही बासनात गुंडाळतो. तसं झालं तर पर्वरीला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, आणि खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही, म्हणजे तुम्हालाही नाही. इतक्या दूर जायची पाळी बहुतेक येणार नाही, असं मला वाटतं. कलमाचा आकडा घातलेला अर्ज टेबलावर आला की ऑफिसं पुष्कळदा आपणहून मऊ होतात.

पद मिळाल्यावर आणखी एक गोष्ट मागून घ्यायची. कामाची जागा तळमजल्यावर हवी, संडास वापरता येईल असा हवा, बसायला नीट खुर्ची हवी. कायद्यानं अशी वाजवी सोय करून देणं हे ऑफिसचं कर्तव्य आहे, कुणी मेहरबानी करत नाही. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण माणसं नोकरी वाचवतात आणि जिना चढता येत नाही म्हणून वर्षभरात सोडतात. जुन्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला कायद्यानं पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून २०१७ ला, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. तुमच्या पंचायतीच्या दारात रॅम्प आहे? मी पाहिलेल्या कित्येक पंचायतींत आहे, पण इतका उभा की व्हीलचेअर वर चढायच्या ऐवजी मागे येईल. बांधणाऱ्यानं तो मोटारसायकल आत घेण्यासाठी बांधला असावा. २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव भरतो, देशभरातली माणसं येतात, मलाही तो आवडतो. पण पणजीहून घरी परतताना बसची पहिली पायरी अजून मांडीएवढ्या उंचीवर असते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा, यजमानांनीच काढला तर फारच उत्तम.

दिरांसाठी एकच : त्यांना ऑफिसात सोबत नेऊ नका. तुम्ही दोघंच जा. तिथं कुणी कितीही गोड बोललं, चहा मागवला, ‘आज सही केली तर लगेच काम होईल’ म्हटलं, तरी यजमानांनी एवढंच म्हणायचं, ‘माझं म्हणणं मी लेखी दिलं आहे, तुमचं मला लेखी द्या.’ अर्ज त्या भेटीच्या आधीच आवक-जावकमध्ये पडलेला असू दे, आणि शिक्का मारलेली प्रत तुमच्या पर्समध्ये.